शिवार पिकतं, मग ताट रितं का?

मैत्रिणींनो, या महिन्याची वाण्याची यादी हातात घ्या आणि प्रत्येक जिनसापुढे तो कुठून आला ते लिहून बघा. गहू बहुधा मध्य प्रदेशातला किंवा पंजाबातला असेल. मसूर कॅनडाची किंवा ऑस्ट्रेलियाची असू शकेल. तूरडाळ आपल्या अकोल्या-लातूरकडची असेल, पण कदाचित म्यानमारची किंवा आफ्रिकेतल्या मोझांबिकचीही असेल. तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ‘पामोलीन’ असं छापलेलं असलं, तर ते इंडोनेशिया नाहीतर मलेशियाहून जहाजानं आलेलं आहे. आता यादीत ज्वारी आहे का ते पाहा. असलीच तर तिचा भाव पाहा. ज्या धान्यावर आपल्या आज्या-पणज्यांचं आयुष्य गेलं, ते धान्य आज बऱ्याच बाजारांत गव्हापेक्षा महाग मिळतं.

हे असं का झालं, याचा विचार आपण सहसा करत नाही. महागाई वाढली की आपण पावसाला नाहीतर सरकारला बोल लावतो आणि पुढच्या महिन्याची यादी थोडी आखूड करतो. जगातल्या उपासमारीची बातमी वाचली की, ‘माणसं वाढली, धान्य कमी पडतंय, दुसरं काय!’ असं म्हणून पान उलटतो.

पण धान्य कमी पडत नाही, हीच खरी गोष्ट आहे. जगात दरवर्षी २८० कोटी टनांच्या आसपास तृणधान्य पिकतं. सगळ्यांना सारखं वाटलं तर कुणी उपाशी राहू नये. तरीसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं अर्धपोटी होती. पिकलेल्या तृणधान्याचा सुमारे तिसरा हिस्सा गुरं, डुकरं आणि कोंबड्या यांच्या खाद्यात जातो. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग मोटारीत घालायच्या इथेनॉलच्या कारखान्यांकडे जातो. म्हणजे उणीव धान्याची नाही. धान्य कुठे जायचं हे ज्याच्या हातात पैसा आणि सत्ता असते तो ठरवतो, आणि ज्याच्या हातात दोन्ही नसतं तो उपाशी राहतो.

हे समजून घ्यायला परदेशी जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जुन्या गावाची आणि त्याच्या आसपासच्या वऱ्हाडाची गोष्ट पाहिली तरी पुरे.

घाटाखालचं गाव

मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी रोहिणखेड आहे. आज साधं गाव वाटतं, पण इतिहासात त्याचं नाव दोनदा तरी ठळकपणे येतं. १४३७ साली बहामनी फौजेनं खानदेशच्या नासीरखानाला इथे हरवलं, आणि १५९० साली अहमदनगरच्या गादीसाठीची लढाई इथेच झाली. घाटाची वाट या गावावरून जायची, म्हणून फौजाही इथूनच जायच्या. फौज आली की उभं पीक तुडवलं जायचं, पेवं फोडून धान्य नेलं जायचं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठार-खाच. वऱ्हाडात ज्वारी अशा पेवांत भरून ठेवण्याची जुनी रीत होती. फौज पुढे निघून गेली, की गाव पुन्हा नांगर धरायचं आणि पुन्हा ज्वारीच पेरायचं.

या शिवारात नुसती ज्वारी कधी नसायची. तिच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद असायचे, कडेनं तीळ आणि अंबाडी. म्हणजे एकाच शेतातून भाकरी, वरण, तेल आणि भाजी निघायची. अंबाडीपासून दोरखंडं व्हायची. कणीस खुडून झालं की उरलेला कडबा बैलांना आणि गाई-म्हशींना. त्यातून दूध, ताक, शेण आणि पुढच्या सालचं खत. आपल्या घरातल्या खर्चाच्या वहीसारखाच हा हिशेब होता, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला लागायचं आणि बाहेरून फार थोडं आणावं लागायचं. सुबत्ता होती असं नाही. सावकार होता, पाटील होता, जातीपातीची उतरंड होती, आणि पाऊस तर तेव्हाही रुसायचाच. पण पोटाची पहिली सोय गावातच होती.

मँचेस्टरची भूक

१८५३ साली हैदराबादच्या निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. इंग्रजांना वऱ्हाड हवं होतं, कारण इथली काळी जमीन कापसाची होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. मग साऱ्यांच्या नजरा इकडे वळल्या. कापसाचे भाव असे चढले, की ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण खरी वाटू लागली.

माल बंदरापर्यंत न्यायला आगगाडी आली. १८६७ साली मुंबईहून निघालेली लाइन भुसावळवरून नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपली स्टेशनं त्याच वाटेवरची. १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली, तेव्हा तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा गावाच्या स्टेशनासाठी व्हाइसरॉय कशाला येईल? खामगावचा कापूसबाजार तेव्हा देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जायचा, म्हणून आले. सरकारनं कापसावर देखरेख ठेवायला खास कॉटन कमिशनरही नेमला होता. ज्वारीसाठी असा कमिशनर कुणी नेमला नाही.

शेतकऱ्यानं कापूस लावला तो हावेपोटी, असं समजू नका. सारा रोख द्यायचा होता, आणि ज्वारीला रोख पैसा कमी. सावकारही कापसाच्या पिकावर कर्ज द्यायला तयार असायचा. हळूहळू चांगल्या जमिनीवर कापूस चढला आणि ज्वारी मागे सरली. युद्ध संपल्यावर अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, इथले भाव कोसळले, पण सारा आणि कर्ज जिथल्या तिथे राहिले. कापूस मँचेस्टरला गेला आणि तिथलं कापड परत इकडे विकायला आलं. वऱ्हाडातल्या विणकरांचे माग थंडावले. विणकराच्या घरात दाणे विकत आणायचे, आणि विकत आणायला पैसा नाही, अशी अवस्था झाली.

यात आणखी एक नुकसान झालं, ते हिशेबाच्या वहीत कुणी लिहिलं नाही. कापसाला कडबा नसतो. ज्वारी कमी झाली तसा चारा कमी झाला, आणि चराऊ रानंही सरकारी जंगलाच्या कुंपणात गेली. जनावरं कमी झाली, मग घरातलं दूध-ताक कमी झालं. पोराच्या हातावरचा लोण्याचा गोळा कुठे गेला, याचं उत्तर शोधत गेलात, तर ते असं लांब कापसाच्या गाठीपाशी जाऊन पोचतं.

दोन दुष्काळांची तुलना

१८९६-९७ साली दुष्काळ पडला आणि लगेच १८९९-१९०० साली त्याहून मोठा. वऱ्हाडात आता रेल्वे होती, तार होती, बाजार होते. बाहेरून धान्य येऊही शकत होतं. पण भाव गगनाला भिडले, आणि मजुराच्या, विणकराच्या, छोट्या शेतकऱ्याच्या गाठीला काही नव्हतं. गावोगावची पेवं तर आधीच रिकामी झाली होती. दुष्काळी कामं निघाली, पण ती पुरी पडली नाहीत. पाठोपाठ पटकी आणि तापाच्या साथी आल्या. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायची, तिथे दीड लाखाच्या आसपास कमी झाली. हा ‘सोन्याच्या कुऱ्हाडी’चा प्रदेश!

हे वऱ्हाडापुरतं नव्हतं. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात दक्षिणेत माणसं तडफडत होती, तेव्हा आपल्या बंदरांतून इंग्लंडला गहू जातच होता. १९४३ साली बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं दगावली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की त्या वर्षी बंगालमधलं धान्य काही एकदम नाहीसं झालं नव्हतं. युद्धाच्या महागाईत मजुराला ते विकत घेणं परवडेनासं झालं होतं.

आता १९७२ आठवा. तुमच्यातल्या वयस्कर मैत्रिणींना आठवतच असेल. महाराष्ट्रात सलग पाऊस हुकला, विहिरी आटल्या, पीक जवळजवळ बुडालं. तरीही १९०० सालासारखी माणसं मेली नाहीत. का? कारण सरकारला लोकांना जाब द्यायचा होता. मोर्चे निघाले, बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. खडी फोडण्याची, बंधारे आणि रस्ते बांधण्याची कामं निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. हाल कमी झाले नाहीत. उन्हात लेकरू झोळीत टाकून खडी फोडणं म्हणजे काय, ते जिनं केलं तिलाच ठाऊक. पण आठवड्याची मजुरी हातात पडली, म्हणून घरी चूल पेटली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्यात लिहिणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य.

दोन दुष्काळांतला हा फरक ध्यानात ठेवा. पाऊस दोन्ही वेळा रुसला होता. फरक होता तो राज्य कुणाचं आणि मजुराच्या हातात पैसा पोचला की नाही, याचा.

जहाजातून आलेलं धान्य

इंग्रज गेले, पण पोटाची दोरी लगेच आपल्या हातात आली नाही. १९५६ पासून ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकन कायद्याखाली तिकडचं उरलेलं धान्य आपल्याकडे येऊ लागलं. १९६६ साली तर सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. ती दोन-तीन दुष्काळी वर्षं त्या धान्यानं निभावली, हे नाकारून चालणार नाही. पण व्हिएतनाम युद्धावर आपल्या देशानं टीका केली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं थोडी-थोडी करून, महिन्याच्या बोलीवर सोडली. वाणी उधारीवर माल देतो, तेव्हा त्याच्या दारात आवाज चढवता येत नाही. देशांचंही तसंच असतं.

रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी पुष्कळांना आठवत असेल. भाकरी थापावी तर चिरायची, आणि चवीचं तर नावच नको. त्याच जहाजांतून आलेल्या गव्हाबरोबर गाजरगवताचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ते गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलं आणि आज रोहिणखेडच्या बांधापासून तुमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेपर्यंत सगळीकडे माजलं आहे.

नंतर हरितक्रांती झाली आणि गहू-तांदळाची कोठारं भरली. हे मोठंच काम झालं. पण पाणी, खत, भावाची हमी आणि रेशनची दुकानं यांचा भर गहू-तांदळावर राहिला. कोरडवाहू ज्वारीला ते भाग्य लाभलं नाही. १९६४ साली संकरित ज्वारी आली. लोक तिला हायब्रीड म्हणू लागले. दाणे जास्त आले, पण ताटं आखूड, म्हणून कडबा कमी. पावसात सापडली तर काळी पडायची, आणि भाकरीला गावरानची गोडी नाही ती नाहीच.

रोहिणखेडच्या बाजूच्या एखाद्या सत्तरीच्या आजीला विचारलंत तर ती सांगेल, “आमी कधी ज्वारी इकत आनली नाई माय. घरचीच रायची. सालभराची कोठीत भरून ठेवत.” तिचीच नातसून आज आठवडी बाजारातून ज्वारी मोजून दोन-चार किलो आणते. घरी शेती असून!

आजच्या शिवारात काय आहे?

आज बुलढाणा जिल्ह्यात खरिपाच्या दिवसांत फिरलात, तर नजर पोचेल तिथवर सोयाबीन आणि कापूस दिसेल. सोयाबीन आपण घरात कितीसं खातो? ते पोत्यांतून बाजार समितीत जातं आणि तिथून कारखान्यात. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम अठरा किलोंच्या आसपास. उरते ती पेंड. ती देशातल्या आणि परदेशातल्या कोंबड्यांच्या, जनावरांच्या खाद्यात जाते. म्हणजे आपल्या शिवारातली प्रथिनं दुसऱ्याच्या कोंबडीला, आणि आपल्या अंगणवाडीतलं पोर मात्र हडकुळं.

आणि तेल? एकेकाळी इथल्या घाण्यांवर करडई, जवस, तीळ, भुईमूग गाळला जायचा. पुढे वनस्पती तुपाचे डबे आले. लीव्हर या विलायती-डच कंपनीनं १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आणलं आणि घराघरांत पोचवलं. १९८६ साली तेलबियांसाठी सरकारनं खास मोहीम काढली, तेव्हा थोड्याच वर्षांत देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. पण १९९४ पासून आयातीची दारं उघडली, स्वस्त पामतेल आलं आणि करडईची शेतं ओस पडली. आज आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. तिकडे युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल आधीच अडकलं होतं. तेव्हा तुमच्या-आमच्या कढईतली भजी बंद झाली, ती जकार्तामधल्या एका हुकुमानं!

कापसाचं म्हणाल तर दीडशे वर्षांनंतरही भाव बाहेरच ठरतो. अमेरिका आपल्या कापूस-शेतकऱ्यांना भरघोस अनुदान देते, त्यामुळे जगात भाव पडतात. ब्राझीलनं याविरुद्ध २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि ती जिंकलीही. शेवटी २०१४ साली अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्यातला एक पैसा मिळाला नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी-आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. त्या प्रत्येक घरात मागे एक बाई राहिली. कर्ज, शेत आणि लेकरं सांभाळायला.

‘मग कापूस-सोयाबीन लावूच नये का?’ असं तुम्ही विचाराल. तसं कुणी म्हणणार नाही. पोरांची फी, दवाखाना, लग्नकार्य हे रोख पैशाशिवाय होत नाही. पण सगळी जमीन बाजाराच्या स्वाधीन करून घरचे दाणेही विकत आणायचे, यात पडत्या भावाचा मारही शेतकऱ्याला आणि चढत्या भावाचा मारही त्यालाच. जुन्या बायका घरखर्चाला कितीही ओढ लागली तरी बियाण्याचं मडकं उघडत नसत. त्यामागे हेच शहाणपण होतं.

पाच रुपयांची पुडी

परदेशी सत्ता गेली, तरी तिनं शिकवलेली एक गोष्ट आपण आनंदानं पुढे चालवली, ती म्हणजे आपलं ते हलकं आणि बाहेरचं ते भारी. ‘पोळी सणाची, भाकरी रोजची’ असं पूर्वी होतं. मग पोळी प्रतिष्ठेची झाली आणि पाहुण्यांसमोर भाकरी ठेवायची लाज वाटू लागली. आता शहरातल्या हॉटेलांत तीच भाकरी ‘मिलेट’ म्हणून दुप्पट दरानं मिळते. भारताच्याच पुढाकारानं २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. चांगलंच झालं, पण भाकरी श्रीमंतांच्या डायटची झाली आणि मजूरणीला परवडेनाशी झाली, तर त्या गौरवाचा उपयोग काय?

आज कुठल्याही खेड्यातल्या दुकानात जा. दारातच रंगीत पुड्यांच्या माळा लोंबकळताना दिसतील. पाच रुपयांच्या पुडीत हवा जास्त, आणि बाकी मैदा किंवा मक्याचं पीठ, पामतेल आणि मीठ. शेतावरून थकून आलेली आई रडणाऱ्या पोराच्या हातात ती देते. तिला दोष देऊ नका. तिला वेळ नाही, आणि टीव्हीवर रोज तेच दाखवतात. पण त्या पुडीनं पोराची भूक मरते आणि जेवण राहून जातं.

बाळांच्या दुधाच्या डब्यांची कथा याहून वाईट. गरीब देशांत परदेशी कंपन्यांनी जाहिराती आणि फुकटचे नमुने वाटून आयांना डब्याच्या दुधाची सवय लावली. दूषित पाणी आणि परवडत नाही म्हणून पातळ केलेलं दूध यांमुळे असंख्य बाळं दगावली. १९७७ पासून यावर जगात मोठा बहिष्कार झाला आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं नियम केले. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या दुधाच्या आणि तयार खाद्याच्या डब्यांची जाहिरात करायला, नमुने वाटायला त्यानं बंदी आहे. हे बायकांनी आणि डॉक्टरांनी ओरड केली म्हणून झालं, हे विसरू नका.

शेवटी कोण जेवतं?

सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून आपण मोकळ्या होऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि पाच वर्षांखालच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांची उंची वयाच्या मानानं खुरटलेली. ही बाई फक्त खेड्यातली किंवा झोपडीतली नाही. तुमच्या-माझ्यासारख्या पक्क्या घरातलीही आहे. घरात सगळ्यांना वाढून, उरेल ते आणि उरेल तेवढं खाणारी. जगात पिकवणारा उपाशी राहतो म्हणून आपण हळहळतो, पण रांधणारीनं शेवटी जेवायचं ही रीत आपल्याच स्वैपाकघरात आहे.

म्हणून सुरुवात इथूनच करू या. जग बदलायला वेळ लागेल, पण पुढच्या गोष्टी तुम्हांला याच महिन्यात करता येतील:

• ज्वारी सालाची घ्या. शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घ्या. दादर ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते. दोन कडक उन्हं द्या, पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या कोठीत भरा आणि मधूनमधून कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. चार घरांनी मिळून घेतली तर शेतकऱ्यालाही पुढच्या वर्षी पेरायचा धीर येतो.

• आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी करा. घरात नाकं मुरडली, तर कळण्याची करून पाहा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि थोडं खडेमीठ घालून एकत्र दळून आणा. ठेच्याबरोबर किंवा वांग्याच्या भरताबरोबर ही भाकरी पोरंसुद्धा मागून खातात. धान्य आणि डाळ एकत्र आल्यानं पौष्टिकही होते.

• तेलाच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचा. आत कुठलं तेल आहे ते लिहिणं बंधनकारक आहे. गावात घाणा असेल तर करडईचं किंवा शेंगदाण्याचं थोडं तेल आणा आणि एकूण तेल कमी वापरा. महाग तेल काटकसरीनं वापरलं, की महिन्याचा हिशेब फारसा बिघडत नाही.

• बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. त्यानंतर ते चालू ठेवून, दोन भाग ज्वारी किंवा तांदूळ आणि एक भाग मूगडाळ मंद भाजून बारीक दळा. हे पीठ पाण्यात मऊ शिजवून वर चमचाभर तूप घाला. दुकानातल्या डब्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

• उरलेलं फेकू नका. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. रात्रीच्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा सकाळच्या बिस्किटांपेक्षा केव्हाही चांगला.

• रेशनकार्ड असेल तर हक्काचं धान्य घ्या आणि ज्वारी मागा. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचीही सोय आहे. महिला मंडळानं मिळून अर्ज केला, तर तहसीलदार एकटीपेक्षा लवकर ऐकतो. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आहारात काय वाढतात, तेही जाऊन पाहा.

• सगळ्यांच्या बरोबरीनं ताट वाढून घ्या. आपलंही. त्यात पालेभाजी असू द्या आणि वर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. घरात धुणं-भांड्याला येणाऱ्या बाईंनी सकाळपासून काही खाल्लंय का, तेही विचारा.

यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. पण आपण काय विकत घेतो, यावर कुणी काय पेरायचं हे ठरतं. १८७० साली ते मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी ठरवलं, कारण रोहिणखेडच्या बाईला विचारणारं कुणी नव्हतं. आज दुकानात पिशवी उचलताना तुम्हांला कुणी अडवत नाही. तेव्हा यादी लिहिताना या वेळी दोन मिनिटं जास्त घ्या, आणि ज्वारीचा भाव दुकानदाराला तर विचाराच, पण ती पिकवणाऱ्याच्या हातात त्यातलं किती पडतं, हेही विचारा.